जुनी रायफल आणि तिचें माप

शेतकीच्या विषयास वाहिलेल्या मासिकांत इटालियन लष्कराच्या जुन्या रायफलीसंबंधीं लेख पाहून आमच्या कांहीं वाचकांस नवल वाटेल, व कित्येकांस तो अस्थानींही वाटेल. परंतु थोडा विचार केल्यास हा विषय शेतकऱ्याच्या घरापासून फारसा दूर नाहीं, असें दिसून येईल. दुसऱ्याच्या हातांतून उतरलेलें अवजार स्वस्तांत घ्यावयाचें, तें नीट चाललें नाहीं म्हणजे तें करणाऱ्यास नांवें ठेवावयाचीं, आणि शेवटीं तें अडगळींत टाकावयाचें, हा क्रम नांगर, पंप, इंजिन या सर्वांच्या बाबतींत आपल्या नित्य पाहण्यांतला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील शेतकऱ्यांनीं व शिकाऱ्यांनीं इटलीच्या सैन्यांतून निघालेल्या रायफली विकत घेतल्या, तेव्हां हाच क्रम घडला. त्याची हकीगत आम्ही येथें देतों, ती शस्त्राचें कौतुक करण्यासाठीं नव्हे. ज्या वस्तूचें माप आपण स्वतः घेतलें नाहीं, तिला दोष देण्याचा आपणांस अधिकार नाहीं, आणि ती चालविण्याचा तर मुळींच नाहीं, असें आमचें मत आहे; व या हकीगतीनें तें जितकें स्पष्ट होतें, तितकें दुसऱ्या कशानेंही होईल असें आम्हांस वाटत नाहीं.

ही रायफल १८९१ सालच्या नमुन्याची म्हणून इटलीच्या सैन्यांत आली. तिकडील लोक तिला आजही नुसती 'एक्याण्णव' म्हणूनच ओळखतात. तिच्या बोल्टाची रचना ट्यूरिन येथील सरकारी शस्त्रशाळेंतील साल्व्हातोरे कारकानो याची, व काडतुसें भरण्याची रीत ऑस्ट्रियाच्या मान्लिखर याच्या पद्धतीची. म्हणून परदेशांत तिला मान्लिखर-कारकानो असें जोडनांव पडलें. सहा काडतुसें एका पत्र्याच्या क्लिपेंत बसवून ती क्लिप सबंधच्या सबंध पेटींत घालावयाची, आणि शेवटचें काडतूस नळींत चढलें म्हणजे रिकामी क्लिप खालच्या भोंकांतून आपोआप गळून पडावयाची, अशी ही योजना आहे. गोळी ६.५ मिलिमीटरांची, लांबट व बोथट तोंडाची; वजन सुमारें १६० ग्रेन, म्हणजे दहा ग्रॅमांहून किंचित् अधिक; लांब रायफलींतून तिचा वेग सेकंदास सुमारें ७०० मीटर. तेर्नी, ब्रेशिया, ट्यूरिन, तोर्रे आन्नुन्त्सियाता इत्यादि ठिकाणच्या कारखान्यांतून ही रायफल व तिचे आखूड प्रकार अर्धशतकभर तयार होत होते, आणि दोन्ही महायुद्धांत इटलीच्या शिपायाच्या खांद्यावर तीच होती. १९४१ सालीं एरिट्रियांतील केरेनच्या डोंगरांत हिंदी सैन्यानें जी लढाई जिंकली, तींत मराठा पलटणींतील आपल्याकडच्या शेतकऱ्यांचीं मुलेंही होतीं. तीं याच रायफलींच्या माऱ्यांतून वर चढलीं. ही रायफल म्हणजे खेळणें नव्हे, हें त्यांस कोणी सांगावयास नको होतें.

युद्ध संपल्यावर इटलीनें आपल्या फौजेस नवीं शस्त्रें दिलीं, व या जुन्या रायफलींचे ढीग व्यापाऱ्यांनीं अमेरिकेंत नेले. तेथें त्या टपालानें, जाहिरातींतील कुपन भरून पैसे पाठविले कीं घरपोंच मिळत. दुर्बीण बसविलेल्या रायफलीची किंमत १९ डॉलर ९५ सेंट इतकी उतरली होती. ज्या शेतकऱ्यास हरणांपासून पिकाचें रक्षण करावयाचें किंवा हिवाळ्याकरितां मांसाची बेगमी करावयाची, परंतु नव्या रायफलीचा खर्च झेपत नाहीं, त्यास हा सौदा मोठ्या लाभाचा वाटला. पुढें २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं डॅलस शहरीं अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला, तो तेर्नी येथें १९४० सालीं तयार झालेल्या अशाच एका रायफलीनें. आणि तीही अशीच टपालानें मागविलेली होती. १९६८ च्या कायद्यानें सामान्य गिऱ्हाइकास टपालानें बंदुका पाठविण्याचा हा व्यापार बंद झाला. परंतु विकल्या गेलेल्या रायफली घरोघरीं राहिल्या, त्या अद्यापि आहेत, आणि बापाकडून मुलाकडे व मुलाकडून नातवाकडे जात आहेत.

या रायफलीची अपकीर्ति मात्र त्या खुनाच्याही पूर्वींची आहे. ती नेम धरीत नाहीं, तिचें लोखंड हलकें, तिचा बोल्ट धन्याच्याच तोंडावर येतो, असे नाना आक्षेप तिच्यावर होते, आणि ते घेणाऱ्यांनीं तिची नळी एकदां तरी मोजून पाहिली होती असें दिसत नाहीं. नाचतां येईना अंगण वांकडें, ही आपल्याकडील म्हण येथें अक्षरशः लागू पडते. आतां अंगण खरोखर वांकडें होतें कीं काय, तें पाहूं.

पहिली गोष्ट गोळीच्या जाडीची. जगांतील बहुतेक ६.५ मिलिमीटरांच्या रायफलींस ०.२६४ इंच जाडीची गोळी चालते, व बाजारांत तीच मिळते. इटालियन नळीच्या आंतील चर मात्र अधिक खोल आहेत; चरापासून समोरच्या चरापर्यंत मोजल्यास अंतर सुमारें ०.२६८ इंच भरतें. एका इंचाचे हजार भाग केले, तर त्यांतील अवघ्या चारांचा हा फरक. डोळ्यास तो दिसत नाहीं, बोटासही लागत नाहीं. परंतु तेवढ्यानें गोळी चरांत नीट रुतत नाहीं, तिच्या कडेनें धूर पुढें निसटतो, ती पिळाबरोबर न फिरतां घसरते, आणि कागदावर कोठें लागेल याचा नेम राहत नाहीं. नावांत 'साडेसहा' आहे म्हणून साडेसहाचीच गोळी, असा हिशेब गिऱ्हाइकानें केला व विक्रेत्यानेंही तो चालूं दिला. पुढें हॉर्नेडी या अमेरिकन कारखान्यानें ०.२६८ इंचाची १६० ग्रेन वजनाची गोळी काढली, तेव्हां वर्षानुवर्षें निकामी ठरलेल्या कित्येक रायफली एकाएकीं शहाण्यासारख्या वागूं लागल्या. रायफल तीच, लोखंड तेंच. बदललें तें माप.

दुसरी गोष्ट पिळाची. एक्याण्णवच्या मूळ लांब नळींतील पीळ सर्वत्र सारखा नाहीं. आरंभीं तो सैल असून तोंडाकडे आवळत जातो, आणि अगदीं शेवटीं सुमारें ८ इंचांत एक फेरा इतका घट्ट होतो. १९२४ च्या सुमारास सरकारनें काटकसर म्हणून पुष्कळशा लांब रायफली कापून कार्बाइनी केल्या. ७८ सेंटिमीटरांची नळी सुमारें ४५ सेंटिमीटरांवर आली. आणि जो भाग कापून टाकला, घट्ट पिळाचा भाग नेमका तोच होता! लांब व जड गोळीस जेवढी फिरकी मिळावयास हवी, तेवढी या कार्बाइनींत मिळत नाहीं. हा दोष खरा आहे. पण तो मूळ कारागिराचा नसून कापणाऱ्याचा आहे. अशी कार्बाइन ज्याच्या वांट्यास आली, त्यानें सर्व इटालियन रायफलींवर शेरा मारावा, हें न्यायाचें नव्हे.

तिसरी गोष्ट निशाणाची. १९३८ च्या आखूड रायफलीवरील मागील निशाण हलत नाहीं, ६.५ मिलिमीटरांच्या प्रकारांत तें २०० मीटर अंतरासाठीं कायमचें बसविलेलें आहे. शेतकरी परसांत ५० पावलांवर कागद लावतो, गोळी वर लागते, आणि तो म्हणतो कीं नळी वांकडी आहे. वस्तुतः रायफल शिपायासाठीं केलेली आहे. तिनें आपलें ठरलेलें काम बरोबर केलें, तें काम कोणतें हें मात्र धन्यानें विचारलें नाहीं.

यावरून हातानें काडतुसें भरण्याचा प्रश्न उपस्थित होतो. अशा रायफलीचें योग्य काडतूस बाजारांत नेहमीं मिळत नाहीं, आणि मिळालें तरी तें आपल्या नळीच्या मापाचें असेलच असें नाहीं. म्हणून तेथील जाणते लोक रिकामी पुंगळी, टोपी, दारू व गोळी वेगवेगळीं आणून काडतूस घरींच सिद्ध करतात. यांत पैसा वांचतो, असें पुष्कळांचें म्हणणें आहे. आमचें मत निराळें आहे. पैसा वांचविण्यासाठीं जो हें काम हातीं घेतो, त्यानें तें घेऊं नये. ज्याचें मन काटकसरीकडे आहे, तो चिरलेली पुंगळी आणखी एकदां चालवील, वजनाचा कांटा घेण्याऐवजीं चमच्यानें अंदाज करील, आणि केव्हां तरी एक डोळा किंवा दोन बोटें देऊन सर्व वांचविलेला पैसा एकदम फेडील. हातभरणीचें खरें प्रयोजन एकच आहे: जुन्या शस्त्रास त्याच्या मापाचें अन्न द्यावें.

तें माप कसें घ्यावयाचें, हें थोडक्यांत सांगण्यासारखें आहे. कारण त्यांत जी शिस्त आहे ती आम्हांस विशेष वाटते. प्रथम रायफल रिकामी आहे याची दोनदां खात्री करून नळी स्वच्छ करावी. मग मऊ शिशाचा किंचित् जाड गोळा तेल लावून गजानें हलकेंच नळींतून ढकलून बाहेर काढावा. नळींतील चरांचा ठसा त्यावर उमटतो. चर चार असल्यामुळें समोरासमोरचे उंचवटे मायक्रोमीटरनें सरळ मोजतां येतात. तें माप आलें म्हणजे गोळी ठरली. परंतु जाड गोळी आणली कीं काम झालें, असेंही नाहीं. ती बसविल्यावर पुंगळीची मान फुगते. ती मान रायफलीच्या घरांत मोकळी बसली नाहीं, तर सुटतांना गोळीस पकड सोडावयास जागा राहत नाहीं व आंतील दाब भलताच चढतो. म्हणून दारू घालण्यापूर्वीं भरावयाच्या मापाचें एक पोकळ काडतूस, टोपी व दारू यांवांचून, करून पाहावें, आणि तें सहज आंत जातें व बाहेर येतें याची खात्री करावी.

जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपींतील रसायनानें नळींत क्षार राहतो, व तो हवेंतील ओल ओढून एका रात्रींत गंज आणतो. अशीं काडतुसें वापरल्यास नळी त्याच दिवशीं गरम पाण्यानें धुवून, कोरडी करून तेल लावावें लागतें. शिवाय त्या पुंगळ्यांची टोपी काढणें कठीण असतें. म्हणून हातभरणीस नव्या पुंगळ्याच बऱ्या. दारूचें प्रमाण छापील व विश्वसनीय कोष्टकांतूनच घ्यावें, आणि आरंभ सर्वांत खालच्या आंकड्यापासून करावा. मेजावर एका वेळीं दारूचा एकच डबा असावा. प्रत्येक भरणी कांट्यावर तोलावी, आणि गोळ्या बसविण्यापूर्वीं सर्व पुंगळ्या उजेडांत ओळीनें पाहाव्या, म्हणजे एकींत दोनदां दारू पडली असल्यास ध्यानांत येतें. प्रत्येक डबीवर तारीख, दारूचें नांव व वजन लिहून ठेवावें. बोल्ट उघडावयास जड गेला, टोपी चपटी झाली किंवा पुंगळी बुडाशीं फुगली, तर तेथेंच थांबावें. "आणखी थोडी घालून पाहूं" हें वाक्य या कामांत उच्चारूंच नये.

या शिस्तीस फांटा दिला असतां काय होऊं शकतें, याचें उदाहरण इटलीनेंच घालून ठेविलें आहे. १८७० सालच्या नमुन्याची व्हेटर्ली नांवाची रायफल तेथें पूर्वीं होती. ती काळ्या दारूची, १० मिलिमीटरांहून मोठ्या गोळीची. १८८७ नंतर तिला पेटी बसवून ती अनेक काडतुसांची केली, आणि पहिल्या महायुद्धांत रायफली अपुऱ्या पडूं लागल्यावर १९१५ पासून तिच्या नळींत दुसरी बारीक नळी ठोकून ती ६.५ मिलिमीटरांच्या नव्या काडतुसासाठीं केली. पण तिचें शरीर जुन्या, मवाळ दारूच्याच बेताचें राहिलें. या रायफलींत पूर्ण दाबाचें काडतूस उडविणें धोक्याचें आहे, असें जाणते एकमुखानें सांगतात. ती भिंतीवर टांगावी, चालवूं नये.

तसाच दुसरा घोटाळा १९३८ चा. त्या वर्षीं इटलीनें गोळी मोठी करावयाचें ठरवून ७.३५ मिलिमीटरांची आखूड रायफल काढली; परंतु युद्ध अंगावर येतांच दोन प्रकारचीं काडतुसें पुरविणें अशक्य दिसल्यावरून १९४० मध्यें पुनः ६.५ वर येणें भाग पडलें. ७.३५ च्या नव्वद हजारांहून अधिक रायफली रशियाशीं झालेल्या हिवाळी युद्धाच्या वेळीं फिनलंडास विकल्या गेल्या, आणि पुढें त्यांतील पुष्कळशा अमेरिकेच्याच बाजारांत आल्या. अशा रीतीनें दिसावयास एकसारख्या, पण निरनिराळ्या मापांच्या रायफली एकाच दुकानांत शेजारीं शेजारीं उभ्या राहिल्या. शिवाय युद्धाच्या अखेरीस कांहींना जर्मन ७.९२ मिलिमीटरांच्या नळ्या बसविण्यांत आल्या. निशाणाजवळ बहुधा माप कोरलेलें असतें. परंतु शहाण्यानें कोरीव अक्षरांवर न विसंबतां नळी मोजावी. एकीचें काडतूस दुसरींत घालण्याचा प्रयत्न कधींही करूं नये.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, इतका खटाटोप करण्यापेक्षां नवी रायफल घ्यावी. ज्यास तें साधतें त्यानें तसेंच करावें, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. वर सांगितलेली मेहनत करण्यास ज्यापाशीं वेळ व धीर नाहीं, त्यास जुनी रायफल महागच पडते, मग ती फुकट कां मिळेना. दुसरा आक्षेप असा कीं, जुनी वस्तू जपून ठेवावी, चालवूं नये. व्हेटर्लीसारख्या वस्तूंस तो पूर्णपणें लागू आहे. परंतु सुस्थितींतील एक्याण्णवचा बोल्ट ज्या काडतुसासाठीं घडविला, त्यास तो पुरेसा आहे. जाणत्या कारागिराकडून तपासून घेतलेली अशी रायफल तिच्याच मापानें व तिच्याच दाबांत चालविली, तर तींत अनुचित असें कांहीं नाहीं. इटलींत जुन्या लष्करी रायफलींच्या नेमबाजीच्या स्पर्धा आजही होतात, आणि तेथें हीच 'निकामी' रायफल मानानें मिरवते. जी वस्तू समजून वापरली जाते तिच्याविषयींचें ज्ञानही जिवंत राहतें. जी नुसती टांगलेली असते तिच्याविषयीं दंतकथा तेवढ्या उरतात.

आमच्या शेतकरी बंधूंस येथें एक स्पष्ट सूचना देणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. आपल्या देशांत शस्त्र व दारूगोळा यांस १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहे, आणि परवान्यावांचून काडतुसें तयार करणें हा गुन्हा आहे. तेव्हां वरील वर्णन वाचून कोणीं घरीं प्रयोग करूं नये. मात्र त्याच कायद्यानें पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीस परवाना मिळण्याची तरतूद केली आहे. आणि रानडुकरावर ती चालवावयाची झाल्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालील परवानगीही पाहावी लागते. ज्यांचेपाशीं अशी परवान्याची बंदूक आहे, त्यांस आम्ही इतकेंच विचारतों: ठासणीची बंदूक म्हणजे दर बारास हातभरणीच नव्हे काय? मग आपण तींत दारू मापून घालतां, कीं आजोबा घालीत त्या चिमटीनें? नळी आंतून कितपत गंजली आहे, तें या पावसाळ्यापूर्वीं कोणा जाणत्यास दाखविलें आहे काय? अमेरिकेंतील शेतकऱ्यानें ज्या चुकीनें एका चांगल्या रायफलीस बदनाम केलें, ती चूक आपल्या हातून झाल्यास बदनामीवर भागणार नाहीं.

जुन्या वस्तूचें स्वस्त मोल हें तिच्या सौद्याचें पहिलें वाक्य असतें, शेवटचें नव्हे. उरलेलें मोल तिच्या नव्या धन्यास निरीक्षणानें, मापानें व संयमानें द्यावें लागतें. तें देण्याची तयारी असेल त्यानेंच ती घरांत आणावी. इटलीच्या या रायफलीस नांवें ठेवणाऱ्यांपैकीं ज्यांनीं पुढें नळी मोजली, ते बहुतेक गप्प बसले. आपल्या दाराशीं पडलेल्या कोणत्याही निकामी अवजारास शेवटचा निरोप देण्यापूर्वीं आमच्या वाचकांनीं तेवढें एक माप अवश्य घ्यावें, अशी त्यांस आमची आग्रहाची विनंती आहे.